हाली, कलदार आणि बट्टा: मराठवाड्यात एक रुपया म्हणजे नेमके किती?

१/
मराठवाड्यातील जुन्या खरेदीखतांत, गहाणखतांत आणि सावकारी वह्यांत रकमेच्या आकड्याजवळ बहुधा आणखी एक शब्द आढळतो: ‘हाली’ किंवा ‘सिक्का उस्मानिया’. कुठे त्याऐवजी ‘कलदार’ असतो. आजचा वाचक हा शब्द ओलांडून थेट आकड्याकडे जातो. त्या काळी मात्र आकड्याइतकेच या शब्दालाही वजन होते. शंभर रुपये हाली आणि शंभर रुपये कलदार यांत चौदा रुपयांहून अधिक अंतर होते. हा थ्रेड त्या अंतराचा इतिहास आहे.

२/
नकाशावर बीड जिल्ह्यातील चौसाळा शोधावे. बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या मार्गावरील हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद सुभ्यात होते. पश्चिमेकडचे जामखेड ब्रिटिशांच्या अहमदनगर जिल्ह्यात आणि दक्षिणेकडची बार्शी ब्रिटिशांच्याच सोलापूर जिल्ह्यात. दोन्ही बाजूंना भाषा मराठी, पीक तेच, सोयरीकही एकमेकांत. पण मधल्या हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे संस्थानी जकातीचे नाके होते आणि हद्द ओलांडली की रुपया बदलत असे.

३/
नाण्यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा नावांची यादी करतो: होन, रुपया, आणा, पैसा, पै. परंतु मूल्यवर्ग म्हणजे केवळ नाव नव्हे. एका नाण्याचे दुसऱ्या नाण्याशी असलेले प्रमाण म्हणजे मूल्यवर्ग. सोळा आण्यांचा रुपया हे एक आश्वासन आहे. हे आश्वासन कोण देतो, ते मोडले तर तोटा कोणाच्या पदरी पडतो, हा खरा प्रश्न. हाली रुपयाकडे वळण्यापूर्वी या प्रश्नाचे जगप्रसिद्ध उदाहरण पाहू: बायझंटाइन साम्राज्य.

४/
चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राट कॉन्स्टंटाइनने सोन्याचे नवे नाणे रूढ केले. त्याचे नाव सॉलिडस. एका रोमन पौंड सोन्यातून ७२ नाणी पाडायची, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेचार ग्रॅम, असा नियम ठरला. राजे बदलले, प्रांत गेले, धर्मकलह झाले. पण जवळजवळ सातशे वर्षे या नाण्याचे वजन आणि कस टिकून राहिले. नाण्यांच्या जगात इतका दीर्घ शब्द पाळणारी राजवट दुर्मीळच.

५/
सोने मोठ्यांच्या व्यवहारासाठी. सामान्य माणसाच्या हाती तांबे होते आणि तेथे गोंधळ होता: अतिशय लहान, हलकी, ढीगभर मोजावी लागणारी नाणी. इ. स. ४९८ मध्ये सम्राट अनास्तासियसने त्यावर उपाय केला. मोठ्या तांब्याच्या नाण्यावर ठळक ग्रीक अक्षर उमटवले. ‘म्यू’ म्हणजे ४०, ‘कॅप्पा’ म्हणजे २०, ‘आयोटा’ म्हणजे १०. ग्रीक अक्षरे अंकांचेही काम करीत, त्यामुळे हे नाणे किती ‘नुम्मीं’चे आहे ते त्याच्या अंगावरच लिहिलेले असे. गरिबाला सराफाकडे न जाताही आपल्या नाण्याची किंमत कळू लागली.

६/
आठव्या शतकात रचना आणखी स्पष्ट झाली: १ सोन्याचे नाणे = १२ चांदीची = २८८ तांब्याची. ही शिडी अकराव्या शतकात मोडली. खजिन्यातील तूट भरून काढण्यासाठी सम्राटांनी सोन्यात हीण मिसळण्यास आरंभ केला. नाव तेच, आकार तोच, सोने कमी. सातव्या मायकेलच्या कारकिर्दीत (१०७१–१०७८) धान्य इतके महागले की एका सोन्याच्या नाण्याला पूर्वीपेक्षा पाव माप गहू कमी मिळू लागला. लोकांनी सम्राटालाच टोपणनाव दिले: ‘पारापिनाकेस’, म्हणजे ‘पावकमी’.

७/
मराठी वाचकाला हे टोपणनाव परके वाटू नये. झिजलेल्या, हिणकस किंवा परमुलखातील नाण्याच्या किमतीत सराफ जी कपात करी तिला ‘बट्टा’ म्हणत. त्यावरूनच ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आला. नाण्याला लागणारी कपात माणसाच्या अब्रूला लागू झाली. कॉन्स्टँटिनोपलच्या रहिवाशांनी सम्राटाच्या नावाला लावला तोही अक्षरशः बट्टाच होता.

८/
पुढे १०९२ मध्ये आलेक्सियस कोम्निनसने नवे सोन्याचे नाणे काढले, ‘हायपरपायरॉन’. त्याचा कस सुमारे साडेवीस कॅरट. जुन्या चोवीसची बरोबरी नाहीच. तेराव्या शतकात तेही घसरू लागले. अशा वेळी, १२८४ मध्ये, व्हेनिसने आपले जवळजवळ शुद्ध सोन्याचे डुकाट बाजारात आणले. व्यापाऱ्यांचा विश्वास तिकडे वळला. हे डुकाट अरबी समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्यालाही लागले. त्यावरील उभ्या मानवाकृती पाहून आपल्याकडे त्याला ‘पुतळी’ म्हटले गेले. मराठी स्त्रियांच्या गळ्यातील पुतळ्यांची माळ ही त्या विश्वासाची दागिन्यात उरलेली खूण आहे.

९/
परकीय नाणे आणि स्थानिक नाणे यांतील फरकातून होणारा नफा हा विषयही या प्रदेशाला नवा नाही. चौसाळ्याच्या आग्नेयेस धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर येथून माल गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे. भडोचमध्ये रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलली असता फायदा होतो, हेही तो ग्रंथकार नोंदवतो. म्हणजे या मुलखाला दोन चलनांतील फटीची ओळख किमान दोन हजार वर्षांची आहे.

१०/
आता मध्ययुग ओलांडून अठराव्या शतकात येऊ. मराठी मुलखात एकाच वेळी अनेक नाणी चालत होती. सोन्याचे होन, शिवराज्याभिषेकाच्या काळापासून चालत आलेली तांब्याची शिवराई, आणि चांदीचे नाना प्रकारचे रुपये. पुण्याकडे अंकुशी रुपया, नाशिककडे चांदवडी, औरंगाबादेकडे गोविंदबक्षी. सगळे ‘रुपये’च, पण कोणाचेही मूल्य नेमके सारखे नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या व्यवहारात सराफ लागे आणि सरकारी खजिन्यात नाणी पारखण्यासाठी पोतदार लागे. आज आडनाव म्हणून उरलेला ‘पोतदार’ हा शब्द त्या गुंतागुंतीचा साक्षीदार आहे.

११/
या बाजारात ‘सिक्का’ म्हणजे टांकसाळीतून नुकतेच निघालेले, पूर्ण किमतीचे नाणे. काही वर्षे हाताळले गेलेले नाणे ‘चलनी’ ठरे आणि त्याला बट्टा लागे. ‘हाली’ हा शब्द अरबी ‘हाल’वरून आला, अर्थ ‘सध्याचा’. हाली सिक्का म्हणजे ‘सध्या चालू असलेले नाणे’. हे कोणा राजाचे वा शहराचे नाव नव्हते, ते केवळ ‘आजचे नाणे’ असे वर्णन होते. पुढे हैदराबाद संस्थानात तेच विशेषनाम झाले.

१२/
निजाम व्यवहारात स्वतंत्र असले तरी १८५७ पर्यंत त्यांची नाणी मुघल बादशहाच्या नावाने पडत. दिल्लीची बादशाही संपल्यावर नाण्यावरून ते नाव गेले आणि ‘निजामुल्मुल्क आसफजाह’ ही उपाधी आली. सोबत एक अंक आला: ९२. अरबी अक्षरांना अंकमूल्ये असतात. ‘मुहम्मद’ या नावातील अक्षरांची बेरीज, ४० + ८ + ४० + ४, म्हणजे ९२. यातील ‘मीम’ या अक्षराचे मूल्य ४०. अनास्तासियसच्या तांब्यावरील ‘म्यू’चे मूल्यही ४०. दोन्ही अक्षरांचा पूर्वज एकच, फिनिशियन लिपीतील ‘मेम’. म्हणून हा योगायोग दिसतो तेवढा आकस्मिक नाही.

१३/
१८५३ मध्ये पहिले सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले. त्यांच्यापुढे विस्कळीत महसूल, कर्जबाजारी खजिना आणि ठिकठिकाणच्या टांकसाळींतून निघणारी वेगवेगळ्या कसाची नाणी होती. त्यांनी टांकसाळीचे काम राजधानीत एकवटले आणि संपूर्ण संस्थानासाठी एकच हाली सिक्का प्रमाण मानण्याचे धोरण स्वीकारले. महसूल एकाच नाण्यात घ्यायचा तर रयतेला त्याच नाण्याची ओळख करून द्यावी लागते. बीड, परभणी, नांदेडच्या शेतकऱ्याच्या व्यवहारात हाली रुपया पक्का झाला तो या क्रमाने.

१४/
हद्दीपलीकडचा रुपया वेगळ्या वाटेने आला. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या साऱ्या प्रदेशासाठी एकाच वजनाचा आणि कसाचा रुपया ठरवला: १८० ग्रेन वजन, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. तो यंत्रावर पाडला जाई, कडा नीट कातरलेल्या असत. ‘कल’ म्हणजे यंत्र. म्हणून तो ‘कलदार’. हाताने ठोकलेल्या नाण्याच्या कडेची चांदी खरवडून काढता येई आणि ते सहज लक्षात येत नसे. कलदाराच्या बाबतीत ते अवघड होते. त्याच्यावरील विश्वासाचे हे एक साधे तांत्रिक कारण.

१५/
आता दोन्ही रुपये तराजूत टाकू. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यातील शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. विसाव्या शतकातील हैदराबादी रुपया ११.१७८ ग्रॅमचा आणि त्यात ८१.८ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. दुसऱ्याला पहिल्याने भागले तर उत्तर सुमारे ०.८५५ येते. सहाला सातने भागले तर ०.८५७. दोन्ही चलनांचा पुढे प्रमाण मानलेला दर होता सात हाली = सहा कलदार. तो दर चांदीतही जवळजवळ तसाच वाचता येतो.

१६/
तरी केवळ चांदीवर भागत नव्हते. १८७० नंतर जगभर चांदीचे भाव कोसळू लागले. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यानंतर कलदाराची किंमत त्यातील चांदीपेक्षा वर राहू लागली आणि १८९९ मध्ये पंधरा रुपयांस एक सोन्याचा पौंड असा दर कायद्याने बसवला गेला. दोन शेजारी रुपयांपैकी एकाची किंमत आता धातूपेक्षा सरकारी निर्णयावर उभी होती. दुसऱ्यालाही त्याच वाटेने जाणे भाग होते.

१७/
१९०३–०४ च्या सुमारास मीर महबूब अली खान यांच्या काळात हैदराबादचा नवा यंत्रनिर्मित रुपया आला. त्याच्या एका बाजूला चारमिनार कोरलेला होता. चारमिनारच्या मधल्या दारात बारीकसे ‘मीम’ अक्षर: महबूब या नावाचे आद्याक्षर. १९११ मध्ये मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि दारातील अक्षर बदलून ‘ऐन’ झाले, उस्मानचे आद्याक्षर. आज नाणे हाती आले तर ते कोणत्या निजामाचे हे ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग हाच. आणि गंमत अशी की हालीही आता यंत्रावर पडत असला तरी ‘कलदार’ हे नाव ब्रिटिश रुपयाकडेच राहिले.

१८/
या मालिकेत सोन्याच्या अशर्फ्या, चांदीचा रुपया, अधेली, पावली आणि दोन आणे, त्याखाली आणा, अर्धा आणा आणि तांब्या-काशाच्या पया असे मूल्यवर्ग होते. नाण्यांवरील मजकूर फार्सी-उर्दू लिपीत. चौसाळ्याच्या परिसरातील बहुसंख्य मराठी रयतेला तो वाचता येणे शक्य नव्हते. ती नाणे ओळखत असे चारमिनारवरून, आकारावरून, वजनावरून आणि वाजवल्यावर येणाऱ्या आवाजावरून. अनास्तासियसने तांब्यावर अंक मोठा का कोरला, याचे मर्म अशा वेळी ध्यानात येते.

१९/
पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि हैदराबादला स्वतःच्या कागदी नोटा काढण्यास ब्रिटिशांनी अनुमती दिली. संस्थानी भारतात ही सवलत अपवादात्मक होती. १९१८ मध्ये दहा आणि शंभर रुपयांच्या, पुढील वर्षी एक आणि पाच रुपयांच्या, तर १९२६ मध्ये हजाराची नोट निघाली. चलनाचे नाव ‘उस्मानिया सिक्का’. नोटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नड मजकूरही होता. मराठवाड्यातील साक्षर माणसाला संस्थानाच्या पैशावरील रक्कम आपल्या भाषेत वाचता आली, ती नाण्यावर नव्हे, कागदावर.

२०/
या नोटांची एक कथा समुद्रतळाशी जाऊन आली आहे. आरंभी त्या लंडनमध्ये छापल्या जात. २० मे १९२२ रोजी ‘इजिप्त’ ही बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली. तिच्यावर सोन्याचांदीबरोबर हैदराबादच्या कोऱ्या नोटांचे गठ्ठेही होते. दहा वर्षांनी एका इटालियन पथकाने खोल पाण्यातून सोने वर काढले, तेव्हा काही नोटाही हाती लागल्या. त्या कधी चलनात आल्याच नाहीत. आज त्या संग्राहकांच्या वस्तू आहेत. नोटेवर सही आणि राज्याचा शब्द नसेल तर ती नुसता कागद असते, हे यातून नेमके कळते.

२१/
आता दराचे गणित. सात हाली = सहा कलदार. सरकारी कागदांत हे शंभर कलदार = ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असे येई. हिशेबात आणा बारा पैंचा धरला तर एक कलदार रुपया म्हणजे १ रुपया २ आणे ८ पै हाली; उत्तर पूर्ण सुटते. उलट दिशेने मात्र एक हाली रुपया म्हणजे १३ आणे ८ पै आणि वर पैचे चार सप्तमांश. हा तुकडा कोणत्याही नाण्यात देता येत नाही. पहिल्या दिशेला हिशेब स्वच्छ, दुसऱ्या दिशेला काही ना काही उरणारच. उरलेले कोणी घ्यायचे, हे कायद्याने नव्हे, पेढीवरच्या दोघांपैकी हिशेब ज्याला येतो त्याने ठरवायचे.

२२/
समजा, चौसाळ्याकडील एका शेतकऱ्याने आपला माल बार्शीच्या पेठेत विकला. १८९७ पासून बार्शीला रेल्वे होती आणि १९११ मध्ये ती लातूरपर्यंत पोहोचली, त्यामुळे ही पेठ भरभराटीची होती. दाम मिळाले कलदारात. शेतसारा भरायचा हालीत, गावातला उधारखाताही हालीत. म्हणून वाटेत कोठेतरी सराफ आलाच. सरकारी दर एक. पेठेतला दर हंगामानुसार, हालीची मागणी वाढली की थोडा वेगळा. शंभर रुपयांवर रुपया-दीड रुपयाचा फरक व्यापाऱ्याला किरकोळ वाटेल. दोन बैल आणि चार एकरांच्या संसारात तो मिठाचा आणि तेलाचा खर्च असतो.

२३/
१९४१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे १९४२ पासून उस्मानिया सिक्क्याची व्यवस्था आली. हीच पुढे ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झाली. मराठवाड्यातील अनेक घरांत पहिले पासबुक याच बँकेचे होते. २०१७ मध्ये ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. तिचा आरंभ एका वेगळ्या रुपयाचा सांभाळ करण्यासाठी झाला होता, हे त्या पासबुकांच्या धन्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

२४/
१९४७ मध्ये रुपया हा राजकारणाचा प्रश्न झाला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर लवकरच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले: एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर निर्बंध घातले, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात अवैध ठरवले. दिल्लीने याला कराराचा भंग मानले. दिल्ली-हैदराबादच्या पत्रव्यवहारात हा घटनात्मक वाद होता. हद्दीलगतच्या गावांत तो अधिक सोपा आणि अधिक कठोर होता: काल बार्शीत कमावलेला रुपया आज आपल्याच गावात चालणार नव्हता.

२५/
सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हालीचा शेवट मात्र एका दिवसात झाला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया अधिकृतपणे आला, काही काळ दोन्ही रुपये शेजारी चालले आणि त्याच दशकात हाली टप्प्याटप्प्याने व्यवहारातून गेला. दर तोच, सातास सहा. महिना सत्तर रुपये हाली मिळवणाऱ्याच्या हाती साठ पडू लागले. गणिताने तो गरीब झाला नव्हता. परंतु दुकानदाराने जुन्या हाली भावाचा आकडा नव्या रुपयातही तसाच ठेवला, तर तो खरोखर गरीब होत होता. दर कागदावर बदलतो. भाव बोलीत टिकतो.

२६/
हे पचते न पचते तोच १ एप्रिल १९५७ उजाडला आणि रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आणे म्हणजे २५ नवे पैसे, हे सोपे. एक आणा म्हणजे सव्वासहा. तो व्यवहारात सहा धरला. दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस. पुन्हा एकदा लहान नाण्याचा तुकडा कोणाच्या तरी खिशातून गेला. १९३० च्या सुमारास चौसाळ्याकडे जन्मलेल्या माणसाने तिशी ओलांडण्यापूर्वी तीन हिशेब शिकले: हाली, आणे-पैचा भारतीय रुपया आणि दशमान रुपया. शाळेत न गेलेल्यांनी ते बाजारात, किंमत मोजून शिकले.

२७/
भाषेने ही सारी नाणी जपली. पूर्ण सत्य ‘सोळा आणे’ खरे असते. निरुपयोगी वस्तू ‘कवडीमोल’ ठरते. काटकसर ‘पै-पै’ जोडते. ‘दाम’ या शब्दामागे संस्कृत ‘द्रम्म’ आणि त्यामागे ग्रीक ‘द्राख्मे’ उभे आहे. २०११ मध्ये २५ पैशांचे नाणे कायदेशीररीत्या संपले, तरी ‘चार आण्याची अक्कल नाही’ हे वाक्य संपलेले नाही. नाणे बाद करता येते. मूल्यवर्गाचे नाव बाद करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारकडे नसतो.

२८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून कामाची शिस्त घ्यावी. जुन्या कागदात रक्कम दिसली की तीन प्रश्न विचारावेत. एक, रुपया कोणता: हाली, कलदार, चांदवडी, अंकुशी? दोन, वर्ष कोणते आणि कोणत्या कालगणनेत? निजामी कागदांत फसली वा हिजरी वर्ष असते. तीन, रक्कम घेणारा आणि देणारा हद्दीच्या कोणत्या बाजूचे? हे न विचारता १९३० च्या बीडमधील जमिनीचा भाव त्याच वर्षीच्या अहमदनगरमधील भावाशी ताडून पाहिला, तर निष्कर्ष पहिल्याच ओळीत सातास सहा या प्रमाणात चुकतो.

२९/
बायझंटाइन सॉलिडस सातशे वर्षे टिकले, कारण नावामागचे प्रमाण राज्याने तितकी वर्षे पाळले. हाली रुपयाला तेवढा काळ मिळाला नाही, आणि एका अर्थी तो खोटाही नव्हता: त्यात जेवढी चांदी सांगितली होती तेवढी होती. अडचण एवढीच की शेजारी त्याच नावाचे दुसरे नाणे होते आणि दोघांमधले अंतर ज्याला वाचता येत नव्हते, तोच ते रोज भरून देत होता.

३०/
मराठवाड्यातील घरांच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फळीखाली अजूनही असे कागद आणि चारमिनारची नाणी सापडतात. कागद भंगारात आणि नाणे सोनाराच्या मुशीत जाण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहावे. दारातले अक्षर ‘मीम’ आहे की ‘ऐन’, आकड्याजवळचा शब्द ‘हाली’ आहे की ‘कलदार’, एवढे नोंदवून ठेवले तरी घरातील एका व्यवहाराची खरी किंमत पुढच्या पिढीला कळेल.